उतरतं छप्पर घातलं की इमारत कोकणी होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रबंधासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं एसटी स्थानक घेतलं आहे. मार्गदर्शक म्हणतात, वर उतरती कौलं, खाली जांभ्याचा दगड, की झालं ते आपोआप कोकणातलं. तुम्हाला हे पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की आजच्या इमारती, नदीकाठचे प्रकल्प, बागा या जागेला ओळख देतात की असलेली पुसून टाकतात?

मी सत्तावीस वर्षं या धंद्यात आहे. निम्मं काम इमारतींचं, निम्मं इमारतींच्या बाहेरच्या जमिनीचं. उत्तर लांबणार आहे.

आधी शब्दाचं बघू. 'सेन्स ऑफ प्लेस', म्हणजे एखादी जागा आपली वाटणं, यासाठी परिसंवादांत 'स्थळभान', 'स्थानबोध' असे शब्द ऐकू येतात. मी ते वापरत नाही, कारण गवंड्याशी बोलताना त्यांचा काही उपयोग होत नाही. आपल्याकडे त्याहून चांगलं क्रियापद आहे, करमणं. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलीला आई फोनवर पहिल्यांदा विचारते ते 'करमतंय ना गं तिथं?' फरशी कुठली बसवलीय हे नंतर कधीतरी. आता करमणं काही नकाशावर काढून देता येत नाही. पण ते कशानं मोडतं हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय, आणि दोनतीनदा माझ्याच हातून मोडलंय. त्यावरून माझं मत असं झालंय की जागेची ओळख इमारतीच्या तोंडावळ्यात फार थोडी असते. पाऊस पडल्यावर पाणी कुठून कुठे जातं, आणि माणूस कुठे टेकतो, एवढ्या दोन गोष्टींत ती बरीचशी भरलेली असते.

तुमच्या मार्गदर्शकांच्या कौलांपासूनच सुरुवात करू. मंगळुरी कौल ही काही आपली पूर्वापार परंपरा नाही. बासेल मिशनच्या युरोपीय मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे कौल किनाऱ्या-किनाऱ्यानं वर मुंबईपर्यंत आलं. त्याआधी कोकणातली घरं गवतानं, पेंढ्यानं, झापांनी नाहीतर कुंभाराच्या नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. म्हणजे आज आपण ज्याला अस्सल कोकणी म्हणतो, ते दीडशे वर्षांपूर्वी यंत्रावर निघालेलं, परक्यांनी आणलेलं नवंकोरं साहित्य होतं. त्या काळी वास्तुकलेची महाविद्यालयं असती तर एखाद्या मार्गदर्शकानं 'हे आपलं नाही' म्हणून शिक्का मारला असता!

मग ते इतकं आपलं कसं झालं? पावसात कामाला आलं म्हणून. खाचेत खाच बसते, त्यामुळे नळीच्या कौलांसारखं दरवर्षी सगळं उतरवून चाळायला लागत नाही. माकडानं एखादं फोडलंच तर घरचाच माणूस शिडी लावून तेवढं बदलतो. आणि मुख्य म्हणजे पागोळी. कौलाच्या प्रत्येक पन्हळीतून धार ठरलेल्या जागी पडते, आणि दोन पावसाळे गेले की अंगणात त्या धारांखाली खळग्यांची एक सरळ रांग उमटते. रांगेच्या आत पडवी, बाहेर अंगण. कोकणातल्या घराची हद्द भिंतीनं आखलेली नसते, या खळग्यांनी आखलेली असते. पावसाळ्यात सगळं घर त्या ओळीच्या आतल्या सहासात फुटांत राहतं. तिथेच सुपारी सोललेली, तिथेच पाहुणा टेकलेला, तिथेच कुत्रंही.

आता हल्लीची 'कोकणी शैली' बघा. सपाट स्लॅब टाकलेला, त्यावर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर कौलं. कौलं भिंतीच्या बाहेर जेमतेम नऊ इंच येतात. पाणी पत्र्याच्या पन्हळीत, पन्हळीतून पीव्हीसीच्या पाइपात, पाइपातून पेव्हर ब्लॉकखालच्या गटारात. पागोळी नाही, म्हणून पडवी नाही, म्हणून बसायला जागा नाही. आडवा पाऊस सरळ भिंतीवर येतो आणि तिसऱ्या वर्षी आतून पोपडे सुटतात. फोटोत मात्र इमारत अगदी देवगडची दिसते.

माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो, म्हणजे पाण्याचं मी इतकं का लावून धरतो ते कळेल. धंद्यात नवा होतो. सड्यावर एका मुंबईकराच्या शेतघराचं बाहेरचं काम मिळालं. सडा म्हणजे कातळाचं पठार, तुम्ही त्याच भागातले असाल तर माहीत आहेच. मे महिन्यात गेलो. काळाकुट्ट, तापलेला, ओसाड कातळ, वाळकं गवत. मालकांना हिरवळ हवी होती, मलाही ती जागा 'काहीच नसलेली' वाटली. ब्रेकर लावून दीड फूट कातळ फोडला, ट्रकनं लाल माती आणली, लॉन अंथरलं, कडेनं फॉक्सटेल पाम. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मालकांचा फोन आला. लॉन तरंगत होतं. खरोखर तरंगत होतं. फोडलेल्या कातळाची झाली होती परात, पाणी आत येत होतं आणि जायला वाट नव्हती. त्याहून वाईट म्हणजे सड्यावरून पातळ पसरत वाहणारं पाणी माझ्या बांधापाशी अडून एका अंगाला वळलं होतं आणि खालच्या शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ढासळून त्याच्या कलमांत घुसलं होतं. पूर्वी ते पाणी सावकाश पलीकडच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळायचं, आता पऱ्या कोरडा आणि कलमं पाण्यात. शेजारी शिव्या द्यायला आला नाही. त्यानं मला हाताला धरून सड्यावर नेलं आणि कुठलं पाणी कुठे जातं ते पायानं दाखवलं. उघड्या कातळावर त्याला दिसत होत्या त्या रेषा मला आधी दिसल्याच नव्हत्या.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा पावसातला सडा पाहिला. मे महिन्यात ओसाड वाटलेल्या कातळावरच्या खळग्या-खळग्यांत पाणी होतं, त्यात बेडकांची पिल्लं होती, कडेनं बोटभर उंचीची फुलं यायला लागली होती. पुढे ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा होता. कासच्या पठारावर लोक तिकीट काढून जातात तीच गोष्ट, इथे फुकट, आणि मी ती ब्रेकरनं फोडली होती. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी तो कातळ चित्र काढण्याजोगा वाटला. महसुली कागदावर मात्र तो 'पोटखराबा'च. जमिनीला पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते, आणि लँडस्केपवाले आम्ही त्यात पुढे असतो.

तेव्हापासून नियम केला. पहिली भेट कधीही असो, पावसाळ्यात एक भेट झाल्याशिवाय रेघ ओढायची नाही. घाईतल्या ग्राहकांनी यापायी कामं काढून घेतली आहेत. जाऊ द्या.

जमिनीवर आधी पाणी आणि मग इमारत, हा क्रम मोठ्या कामात कसा दिसतो ते बघायचं असेल तर जयपूरजवळचं हाथीगाव अभ्यासा. वास्तुकार राहुल मेहरोत्रांचं काम. अंबरच्या किल्ल्यावर पर्यटकांना नेणारे शंभर हत्ती आणि त्यांचे माहूत यांची वसाहत. जागा मिळाली ती वाळू उपसून उपसून उजाड झालेली. त्यांनी खणलेले खड्डे भरून सपाटी केली नाही, त्या खोलगट भागांतच पावसाचं पाणी अडवून तळी केली, झाडं लावली, आणि मग घरांना हात घातला. घरं अगदी साधी, दगडी, लहान. माहुतानं हत्तीला पाण्यात आंघोळ घालणं हा त्या दोघांच्या नात्याचा भाग असतो, म्हणून तळं हे त्या वसाहतीचं देऊळच म्हणा ना. तिथे राजस्थानी कमानी आणि झरोके चिकटवून 'हेरिटेज' करणं सहज जमलं असतं. केलं नाही.

नदीकाठच्या प्रकल्पांबद्दल तुम्ही विचारलंय. इथे माझं मत जरा तिखट आहे, त्यामुळे मीठ लावून घ्या.

नाशिककरांना विचारा गोदावरीला पूर किती आला. कुणी मीटरमध्ये सांगत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगतात. मूर्ती बुडाली म्हणजे काय ते सराफ बाजारातल्या दुकानदाराला वेगळं समजवावं लागत नाही. कोल्हापुरात हेच काम राजाराम बंधारा करतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे तिथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. वाईला घाटाच्या पायऱ्या मोजतात. घाट ही मोठी हुशार गोष्ट आहे. उन्हाळ्यात तो पंचवीस पायऱ्यांचा असतो, आषाढात आठ पायऱ्यांचा, आणि तरीही कायम घाटच असतो. नदी लहानमोठी होते ती माणसाच्या पायाला कळते.

उभी भिंत बांधली की हे संपतं. अहमदाबादचा साबरमती रिव्हरफ्रंट २०१२ पासून लोकांसाठी खुला होत गेला. प्रत्येक काठाला अकरा किलोमीटरच्या वर लांबी, वास्तुकार बिमल पटेलांच्या कार्यालयाचं काम. मी तिथे तीनचार वेळा चाललोय आणि प्रामाणिकपणे सांगतो, संध्याकाळी बरं वाटतं. माणसं फिरायला येतात, पोरं सायकली चालवतात. पूर्वी जिथे शहरानं नदीकडे पाठ केली होती तिथे तोंड केलं, याचं श्रेय द्यायला हवं. पण त्या पात्रात दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं. साबरमती ही मुळात वाळूची नदी, वर्षातले बरेच महिने पात्र कोरडं, आणि त्या कोरड्या पात्रात तिचं सगळं जग होतं. वाळूत काढलेली शेती, धोबी, रविवारचा गुजरी बाजार. बाजाराला पुढे नवी बांधीव जागा मिळाली. नदीला मात्र बारमाही पातळी मिळाली, आणि तिचा ऋतू गेला. उद्या डोळ्यांवर पट्टी बांधून मला तिथे उभं केलं आणि पट्टी काढली, तर पाण्याकडे बघून महिना कुठला ते मला सांगता येणार नाही.

पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठासाठी त्याच कार्यालयाचा आराखडा आहे, त्यावरून झाडांचं, पूररेषेचं आंदोलन चाललेलं तुम्ही वाचलं असेल. मी पुण्यात राहतो, त्यामुळे यावर मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. मुठा ही दख्खनच्या काळ्या दगडावरून वाहणारी, डिसेंबरात कृश होणारी आणि ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडवणारी नदी आहे. भिडे पूल बुडाला ही पुणेकरांची दुतोंड्या मारुतीची आवृत्ती. हे बुडणं ज्या आराखड्यात मावेल तो चांगला, एवढी माझी फुटपट्टी.

आता टेकणं.

पुण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलात आम्ही बाग केली होती. मधोमध गोल बैठक, ग्रॅनाइटची, वर स्टीलचा मांडव, वेल चढायची होती. नकाशात ती फार देखणी दिसायची, एका प्रदर्शनातही लागली. वर्षभरानं गेलो. बैठकीवर कुणी नाही, ग्रॅनाइट तव्यासारखं तापलेलं, वेल मेलेली. फाटकाशी जुनं जांभळाचं झाड होतं, बिल्डरनं पार्किंगमुळे तोडता तोडता राहिलेलं. त्याखाली रखवालदारानं एक मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची आणि दोन सिमेंटचे ब्लॉक ठेवले होते. तिथे रखवालदार, एक आजोबा, कामाला येणाऱ्या दोन मावशी आणि एक इस्त्रीवाला. सगळ्या संकुलाच्या बातम्या तिथूनच निघत. अख्ख्या बागेवर खर्च झालेल्या पैशांतून त्या दोन ब्लॉकांइतकी बसकण मला साधली नव्हती. फाटक जवळ, सावली घट्ट, येणारा-जाणारा दिसतो, आणि कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या कामापासून मी आधी हे बघायला लागलो की रखवालदारानं खुर्ची कुठे मांडलीय.

दादरच्या शिवाजी पार्कची ओळख विचारली तर कुणी पुतळा म्हणेल, कुणी क्रिकेट, कुणी सभा. मी कट्टा म्हणेन. मैदानाभोवतीची एक किलोमीटरहून लांब, बुटकी, बसण्याजोगी भिंत. ती भिंत पाच फुटांची असती, वर लोखंडी भाले असते, तर मैदान तेच राहिलं असतं आणि शिवाजी पार्क झालं नसतं. तीनचार पिढ्यांच्या मैत्र्या, भांडणं आणि प्रेमं त्या उंचीवर झालेली आहेत. उंचीचं गणित सांगतो, उपयोगी पडेल. कट्टा सोळा ते सतरा इंच ठेवा, खोली निदान अठरा. वीस इंच झाला की आज्यांचे पाय लोंबकळतात आणि मांडीखाली काठ रुततो. बारा इंच झाला की बसणं सोपं पण उठताना गुडघे बोलतात. काठ गोल मारून घ्या. आणि वरच्या पृष्ठाला बाहेरच्या अंगाला किंचित उतार द्या, नाहीतर पाऊस थांबल्यावर तासभर त्यावर पाणी साचून राहतं आणि लोक वर्तमानपत्र अंथरतात.

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केला तेव्हा झाडं ठेवून त्यांच्याभोवती बाक केले. त्यावर टीका झाली, पार्किंग गेलं म्हणून. पण आज संध्याकाळी तिथे रिकामा बाक शोधायला लागतो. काही विकत न घेता शहरात बसता येणं ही आता दुर्मीळ चैन झाली आहे.

पणजीची कला अकादमी याच कारणासाठी मला मोठं काम वाटतं. वास्तुकार चार्ल्स कोरिआंचं, १९८३ मध्ये पूर्ण झालेलं. मांडवीच्या काठी कांपालला. तिच्यात गोव्याच्या घरांची नक्कल कुठे नाही. बुटकी, आडवी पसरलेली इमारत, वर काँक्रीटच्या पट्ट्यांचा मांडव. पण रस्त्यावरून आत शिराल तर प्रवेशाचा भाग उघडाच, दार नाही, आणि तुम्ही चालत चालत थेट नदीवर निघता. रस्ता आणि मांडवी यांच्यातली ती एक सावलीची गल्लीच. नाटकाचं तिकीट नसलेला माणूसही तिथे पायरीवर बसून नदी बघू शकतो. आतल्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत, म्हणजे प्रयोगाला पहिल्या रांगेत चारच डोकी असली तरी गोवेकर हजर! २०२३ च्या पावसाळ्यात नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं तेव्हा गोव्यात लोक ज्या तऱ्हेनं चिडले, ते घरातलं काही पडल्यावर चिडतात तसं होतं. चाळीस वर्षं वयाची काँक्रीटची इमारत लोकांची होऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

कोरिआंचंच दुसरं काम तुम्ही लोकलनं जाऊन बघू शकता आणि ते बघाच. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज. सिडकोसाठी १९८३ ते ८६ दरम्यान झालेलं. कल्पना सोपी आहे. सात घरं मिळून साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा एक चौक. असे तीन समूह एकत्र आले की एकवीस घरांमध्ये आणखी मोठा चौक. घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, त्यामुळे ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढवावं. लोकांनी वाढवलं. इतकं की आज मूळ घर शोधावं लागतं. उतरती छपरं जाऊन तीन मजले उभे राहिले, टाइल्स, ग्रिल, आरशासारख्या काचा. तुमचे प्राध्यापक बहुधा तिथे उभे राहून हळहळतील. मी हळहळत नाही. कारण सगळे तोंडावळे बदलल्यावरही चौक शिल्लक आहेत. तुळस आहे, सायकली आहेत, चौकाच्या तोंडाशी परका माणूस उभा राहिला की कुणीतरी 'कोण पाहिजे?' म्हणून विचारतंच. मलाही विचारलं. डिझाइन केलेली छपरं गेली आणि डिझाइन केलेली मोकळी जागा टिकली, यावर तुमच्या प्रबंधातलं एक प्रकरण सहज उभं राहील.

साहित्याचं थोडक्यात, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त लिहिलं जातं. दगड स्थानिक असला की जागेला धरून राहतो हे खरं, पण भिंतीत असला तर. पुण्यातल्या आयुकाच्या भिंती पाहा. खाली इथलाच काळा पाषाण, वर कडप्पा, त्याच्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट. जमिनीचा काळा चढत चढत आकाशाचा काळा होतो. खगोलशास्त्राच्या संस्थेला याहून नेमकी गोष्ट सुचणं कठीण. मधल्या कुंडात आर्यभट, न्यूटन, गॅलिलिओ, आइनस्टाइन चौघे उभे आहेत, तो भाग मला जरा जास्तच शाळकरी वाटतो, पण कुंडाच्या पायऱ्यांवर बसायला मजा येते. याच्या उलट म्हणजे बाणेरच्या एखाद्या टॉवरवर चिकटवलेली पाऊण इंची जांभ्याची टाइल. बाणेर काळ्या दगडावर उभं आहे, तिथे जांभा कुठून उगवला? आणि जांभ्याची खरी गंमत तर त्या टाइलमध्ये येतच नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, आणि दोन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ धरून तो काळपटतो. कोकणातल्या गडग्याचा रंग तांबडा नसतोच, काळा-हिरवा असतो. टाइलवाले त्यावर पॉलिश मारून तांबडं रूप जपत बसतात.

झाडांचंही तेच. महामार्गाच्या दुभाजकापासून पंचतारांकित हॉटेलपर्यंत कोनोकार्पस हे परदेशी झाड लावत सुटण्याची साथ आली होती, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. तुमच्या स्थानकाच्या आवारात सुरंगी, बकुळ, उंडी, करंज यांतलं काहीही चालेल. मार्चमध्ये एसटीतून उतरल्या उतरल्या सुरंगीचा वास आला, तर माणसाला फलक वाचायची गरज पडणार नाही. सुरंगी वाढायला वेळ घेते हे खरं. तोवर करंज सावली देईल.

आता तुमचं स्थानक. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी एसटी स्थानकाची खरी अडचण अशी की बस तीन मीटरहून उंच असते, म्हणून छप्पर साडेचार मीटरच्या आसपास न्यावं लागतं, आणि तेवढ्या उंच छपराखालून पाऊस सरळ आत येतो. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक स्थानकांत जुलैमध्ये लोक बाकांवर नसतात, मागच्या भिंतीला चिकटून उभे असतात. जाऊन पाहा, बाकांच्या पुढच्या दोन रांगा ओल्या सापडतील. यावर उपाय म्हणजे दोन छपरं. बसवर उंच आणि पुढे आलेलं, आणि त्याच्या पोटात, फलाटावर, पडवीच्या उंचीचं दुसरं. अडीच मीटर पुरे. आडवा पाऊस पहिल्याच्या खाली शिरेल, दुसऱ्यावर आपटेल. फलाटाच्या कडेला जमिनीवर उघडी जांभ्याच्या चिऱ्याची पन्हळ ठेवा, पाणी वाहताना दिसू दे, आणि ती गावाच्या पऱ्याला कुठे मिळते ते नकाशात दाखवा. परीक्षक विचारतील. पॉलिश केलेला ग्रॅनाइट जमिनीला चुकूनही नको. ओल्या चपलांनी माणसं पडतात. खरबरीत शहाबादी घाला.

बाकांच्या जोडीला मागच्या भिंतीला सतरा इंची कट्टा सलग चालवा. पाट्या घेऊन बाजाराला आलेल्या बायकांना लोखंडी खुर्च्या गैरसोयीच्या होतात, पाटी शेजारी ठेवता येत नाही. कट्ट्यावर पाटी, पोर आणि स्वतः अशी तिन्ही मावतात. स्थानकाच्या आवारात आत्ता एखादं मोठं झाड असेलच, आणि त्याखाली रिक्षावाले, शहाळीवाला, वर्तमानपत्रं असं काहीतरी आपोआप जमलेलं असेल. नव्या आराखड्यात ते झाड पार्किंगच्या मधोमध येईल आणि 'हलवावं लागेल' असं तुम्हाला वाटेल. पार्किंग हलवा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जा. छत्री न्या पण उघडू नका, म्हणजे कुठे उभं राहावंसं वाटतं ते तुमचं तुम्हाला कळेल. सकाळी साडेसहाची पहिली गाडी आणि संध्याकाळची मुक्कामी गाडी, या दोन वेळा सोडू नका. कंट्रोलरशी दोस्ती करा. त्याच्या खिडकीपुढे पाणी कुठे साचतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि मार्गदर्शकांना कौलं हवीच असली तर घाला, त्यावरून भांडू नका. छपराच्या कडेला पन्हळ मात्र लावू नका. पागोळी पडू दे, आणि तिच्या आत सात फूट कोरडे ठेवा.